पहिल्या वळणाची माती

पार्सिपनी,
ऑक्टोबर २००६

ती. आक्का वन्संच्या पायांवर डोकं (माझे गुडघे आता वाकत नाहीत, तेव्हा ठेवलं असं धरून चाला). इकडे सगळी जिवंत आहेत, एक सोडून, आणि ते तुम्हाला माहीतच आहे. तुमचा रक्तदाब, तुमचा डावा कान, तुमचं मांजर आणि तुमची ती भांडकुदळ शेजारीण, या सगळ्यांची चौकशी केली असं समजा. माझं म्हणाल तर बरी आहे. इथे कुणीही विचारलं तरी बरी आहे म्हणायचं असतं. दुसरं काही बोललं की लगेच डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतात.

तुमची पत्रं मिळाली. सगळ्यांत एकच वाक्य आहे, नुसती शाई बदललीय. प्रल्हादच्या अस्थी कधी आणताय, मी काही फार दिवस थांबणारी नाही. वाचलं. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की आसावरी (सत्यजितची बायको, गुणी आहे, पण साधी भेंडी चिरायची तरी सोहळा करते) धावत येते, 'आई, एव्हरीथिंग ओके?' म्हणत. म्हणून लिहायला बसले. माझं शिक्षण सातवी, त्यातही गणिताच्या पेपरला ताप आला होता, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नका. अस्थींचं उत्तर देणार आहे, पण आधीचं सांगितल्याशिवाय ते तुमच्या घशाखाली उतरणार नाही. आणि मधेच दिवा लावायला उठू नका. देव थांबेल.

जानेवारीत हे गेले तेव्हा काय झालं ते सत्यजितनं तुम्हाला सांगितलं असेल, पण साखर घालून. मी आहे तसं सांगते. इथे चिता नाही. एक हॉल, खाली गालिचा, गालिच्यावर खुर्च्या, कुठूनतरी हळू आवाजात पियानो. गुरुजी एडिसनहून आलेले, त्यांना पुढे एक साखरपुडा होता. आपल्यात कसं, मुलानं खांद्यावर मडकं घ्यायचं, उलट्या तीन फेऱ्या मारायच्या, दर फेरीला मडक्याला भोक पाडायचं, पाणी गळत जाऊ द्यायचं आणि शेवटी मागे न बघता मडकं टाकायचं. तर तो काळ्या सुटातला माणूस म्हणाला, 'नो वॉटर, प्लीज', गालिचा खराब होतो. बरं, नुसत्या फेऱ्या? तर भट्टी भिंतीत बसवलेली, फिरायला जागाच नाही. शेवटी सत्यजितनं एक हिरवं बटण दाबलं. संपलं. लिफ्टला असतं तसं बटण. मला फापटपसारा आवडत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. स्वतःच्या लग्नात मी भटजींना 'आवरा' म्हटलं होतं आणि तुम्ही मला चिमटा काढला होतात. पण त्या दिवशी मलाच वाटलं, की हे जरा जास्तच आवरलं.

पुढच्या आठवड्यात अस्थी हातात आल्या, प्लास्टिकच्या चौकोनी डब्यात. आसावरीनं इंटरनेटवर वाचलं की घरात ठेवू नयेत, म्हणून हे गॅरेजमध्ये गेले. एका फळीवर, एका बाजूला बर्फ ढकलायचं मशीन, दुसऱ्या बाजूला ख्रिसमसचे दिवे. मी रोज सकाळी चहा घेऊन तिथे जाऊन बसायची. शोक वगैरे नाही. गॅरेजमध्ये हवा बरी असते.

आता अस्थी कऱ्हाडला तुमच्याकडे आणायचं. सत्यजितला रजा नाही. त्याच्या ऑफिसात माणसं काढतायत आणि रजा मागेल त्याचा नंबर आधी लागतो. मला एकटीला विमानात बसवायला डॉक्टर तयार नाही. आणि तिसरी अडचण तुमचा भाऊ स्वतः. हॉस्पिटलात मला म्हणाले, 'पाण्यात नको.' तुम्हाला नवल वाटणार नाही. लहानपणी कृष्णेत बुडत होते तेव्हा परकर खोचून तुम्हीच उडी घेतलीत आणि केस धरून बाहेर ओढलंत. तुम्ही एकदाच ओढलंत, मी ते जन्मभर ऐकलं. नाव प्रल्हाद. पुराणातल्या प्रल्हादाला समुद्रात फेकला तरी काही झालं नाही, आणि आमचे हे, बादलीत तांब्या बुडवताना तोंड फिरवायचे. कॉव्हेंट्रीच्या घरात टब होता, त्यात आम्ही वर्षानुवर्षं बटाटे ठेवले. असल्या माणसाला नदीत कशी सोडू? 'पाण्यात नको, मला ट्रॅकवर टाका,' असं स्वच्छ म्हणाले. माणसाच्या शेवटच्या बोलण्यापुढे मी कोण.

ट्रॅक कुठला, असं तुम्ही विचाराल. आम्ही दर शनिवारी गाड्या बघायला जायचो एवढंच तुम्हाला माहीत. गाड्या नाहीत वन्सं, स्पीडवे. त्रेसष्ट साली मी विलायतेत कॉव्हेंट्रीला आले, नवी नवरी, नाक सारखं गळतंय, यांची कारखान्यात लेथवर नोकरी. दुसऱ्याच शनिवारी कारखान्यातली मंडळी आम्हाला बसनं ब्रँडनला घेऊन गेली. लांबट गोल मैदान, भुरभुरीत माती आणि चार मोटारसायकली. त्या गाडीला ब्रेक नाही. चुकून लिहिलं नाही, खरंच ब्रेक नाही. गिअर एक. समोरची फीत वर उडाली की चौघं सुटतात, चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खलास. (हे मला फार आवडलं. आपल्याकडे मंगलाष्टकंसुद्धा याच्यापेक्षा लांबतात.) वळणावर ती गाडी सरळ जात नाही, आडवी जाते. वळायचंय डावीकडे आणि हँडल उजवीकडे. डाव्या पायाला लोखंडी तळ बांधलेला, तो जमिनीवर घासत पोरगं असं कलतं, की त्याची आई बघत असेल तर तिनं घरीच राहावं. मागचं चाक माती उधळतं ती कठड्याशी उभं असलेल्याच्या तोंडात. आणि वास! त्या इंजिनात एरंडेल घालायचे वन्सं, आपलं पोट साफ करायचं एरंडेल. मला आधी वाटलं, रविवार सकाळ झाली आणि आई चमचा घेऊन मागे लागली. दुसऱ्या शर्यतीला तो वास डोक्यात चढला तो अजून उतरलेला नाही. हे शेजारी उभे, कानात कापूस घालून.

हा खेळ म्हणे ऑस्ट्रेलियात एका शेतकी प्रदर्शनात सुरू झाला. बैलांना बक्षिसं देऊन झाल्यावर लोकांना काहीतरी दाखवायचं असणार. कुठल्याही मुलखातली जत्रा सारखीच. तिथून अठ्ठावीस साली विलायतेत आला. कॅलिफोर्नियाची पोरं तिकडे जाऊन नावं काढून आली. लढाईनंतर तर विलायतेत नुसती झुंबड, कारण बाकी सगळं रेशनवर होतं आणि माती तेवढी मोकळी मिळत होती. अडुसष्टला आमची टीम लीग जिंकली तेव्हा सत्यजित पोटात होता आणि मी शर्यतीत वाजवतात तो लाकडी खुळखुळा वाजवत कठड्यावर चढले होते, यांनी मागून पदर धरला होता. टीमचे रंग पिवळा आणि काळा. मी तुम्हाला विणून पाठवलेला मफलर, जो तुम्ही वाघासारखा दिसतो म्हणून मांजराखाली अंथरलात, तो त्या टीमचा. त्या मफलरसाठी तिथे माणसं भांडली असती. पुढे कारखाना बंद पडला, आम्ही मिशिगनला ट्रॉयला आलो. तिथे मोटारी बनवतात पण मातीत कुणी घालत नाही. सगळी कोरडी वर्षं गेली. म्हातारपणी इथे सत्यजितकडे आलो आणि त्यानं शोधून काढलं, की न्यूयॉर्कच्या वरच्या अंगाला, डोंगरात, एका शेताच्या कडेला ट्रॅक आहे, शनिवारी शर्यती असतात. जायला तीन तास. लाकडी बाकं, कांदे घातलेले सॉसेज, माणसं थोडकीच. मी गाडीतून उतरले आणि पुन्हा एरंडेल. तिथेच उभी राहिले. हे म्हणाले, 'झालं तुझं सुरू.'

तर जूनमधल्या एका शनिवारी मी सत्यजितला म्हटलं, मला शर्यत बघायचीय. त्याला बरं वाटलं, आई माणसांत आली म्हणून. पिशवीत डबा आहे हे मी सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही, कारण माझ्या पिशवीत नेहमीच डबा असतो. ऊन असतानाच पोचलो. शर्यतीआधी मातीला पाणी मारतात. त्याला आपल्याकडे उन्हाळ्यात येतो तसला टँकर असतो, आणि तो चालवणारा वॉल्टर, माझ्याच वयाचा, दात तेवढे माझ्यापेक्षा कमी. आमची चांगली ओळख. यांना तो मिस्टर पी म्हणायचा. सत्यजित चिप्स आणायला गेला तशी मी वॉल्टरला डबा दाखवला. माझं इंग्रजी कारखान्याच्या गेटवर शिकलेलं, त्यात आडपडदा नाही.

'मिस्टर पी?' तो म्हणाला.

'येस.'

'ऑल ऑफ हिम?'

'ऑल.'

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, इकडेतिकडे बघितलं आणि कुठे म्हणून विचारलं. मी म्हटलं पहिल्या वळणाला, आतल्या कडेला. तो म्हणाला, मालकाला कळता कामा नये, आणि तिथे आधीच तिघं आहेत. (शेजार कसा आहे ते मी विचारून घेतलं. एक प्लंबर, एक शाळामास्तर आणि एक कुणाची तरी मावशी, जिला लोकांशी पटायचं नाही. म्हटलं, चालेल. माझ्या नणंदेची सवय आहे त्यांना.)

आणि मग टँकर निघाला. मागून पाणी गळतंय आणि टँकर उलटा फिरतोय. स्पीडवेत सगळं डावीकडूनच फिरतं, आपल्या प्रदक्षिणेच्या बरोब्बर उलट. त्रेसष्टपासून बघतेय, पण त्या दिवसापर्यंत डोक्यात आलं नव्हतं. मी नुसती बघत राहिले. गळतं मडकं, उलट्या फेऱ्या, जे जे त्या गालिच्यावर राहिलं होतं ते सगळं माझ्यासमोर चाललं होतं, तेही डिझेलवर. आणि पाणी तरी केवढं? माती नुसती ओली होईल एवढं. बुडायची भीती नाही. मी साडी खोचली, बूट घातलेलेच होते, टँकरच्या मागे चालत गेले आणि वळणावर डबा उपडा केला. मंत्र येत नाहीत. 'या आता,' एवढं म्हटलं. वारा सुटला होता. थोडे माझ्या पदरावर आले, थोडे चष्म्यावर. जन्मभर याच बाईला चिकटले, आता तरी कुठे जातात.

सत्यजित चिप्स घेऊन आला, तेव्हा रिकामा डबा माझ्या मांडीवर. 'आई, यात काय होतं?' म्हणाला. मी म्हटलं, तुझे बाबा. 'होतं म्हणजे? आई! व्हॉट डिड यू डू?' मी म्हटलं, बस खाली, फीत उडतेय. तेवढ्यात चौघं सुटली, आडवी होऊन पहिल्या वळणात शिरली, आणि मातीचा लोट कठड्यावरून आला तो सगळा सत्यजितच्या छातीवर. ऑफिसचा पांढरा शर्ट होता. त्यानं झटकायला हात उचलला आणि हात तिथेच थांबला. छातीवर मातीचं ढेकूळ, वर हात, तोंडात चिप्स. चार फेऱ्या संपेपर्यंत तो तसाच उभा. आपण तीन मारतो, ही चार मारतात, एक जास्तीची. गाडीत त्यानं सीटबेल्ट लावताना तो शर्टापासून जरा लांब धरला. पण आसावरीला कुणी काही सांगितलं नाही आणि तिनं त्याच रात्री शर्ट मशीनला लावला. तेव्हा वन्सं, तुमचा थोडा भाऊ पार्सिपनीच्या गटारातून वाहून गेला. वाहतं पाणी पाहिजे असा गुरुजींचा हट्ट होता, तोही पुरा झाला.

उन्हाळाभर मी शनिवारी जात होते, पहिल्या वळणाला बसत होते. सगळं नीट चाललं होतं. मग सप्टेंबरात वॉल्टरचा फोन. मालकानं जागा विकली. तिथे गोदाम होणार, पुढे ट्रकांसाठी डांबर. मी फोन ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. आसावरी म्हणते, मी वाटीभर कणकेच्या एवढ्या पोळ्या केल्या की त्यातून पलीकडचं दिसत होतं. नदीत बुडायला नको म्हणून वाचवलेला माणूस, आणि आता डांबराखाली? सत्यजित कामासाठी टेक्सासला. मी आसावरीला म्हटलं, गाडी काढ, मला बाबांना आणायचंय. ती आत गेली आणि रबरी हातमोजे, हात धुवायचं औषध, बागेतली खुरपी, पाण्याच्या बाटल्या, उन्हाची टोपी आणि एक योगासनाची चटई घेऊन आली. मी म्हटलं, सहलीला नाही चाललो. ती म्हणाली, 'आई, तुमचे गुडघे.'

ट्रॅकवर कठडे उपटून टाकलेले, बाकांचा ढीग, बुलडोझर दुसऱ्या वळणापर्यंत येऊन उभा. वॉल्टरनं ड्रायव्हरला कॉफी प्यायला नेलं. आम्ही दोघी पहिल्या वळणाला चटई टाकून बसलो. आसावरीनं विचारलं, 'आई, बाबा नेमके कुठे?' काय सांगणार? सबंध उन्हाळा शर्यती झालेल्या. दर शनिवारी चार गाड्यांच्या चाकांनी यांना इकडून तिकडे नेलेलं, वर टँकर, वर ट्रॅक्टर. मी म्हटलं, खण, लागेल तिथे लागेल. तिनं हातमोजे घातले, थोडं खणलं, मग काढून फेकून दिले आणि नुसत्या हातांनी खणायला लागली. ती नखांना रंग लावायला दुकानात जाते, तुम्हाला सांगून पटणार नाही. खणता खणता रडायला लागली, मोठ्यानं, नाक पुसायची शुद्ध नाही, तोंडाला सगळी माती. म्हणाली, 'मी त्यांना गॅरेजमध्ये ठेवलं.' मला रडारड आवडत नाही. मी म्हटलं, खण. ती खणत राहिली. मीही.

बुलडोझरवाला परत आला तेव्हा एक बरणी भरली होती, लोणच्याची, मोठी. एवढंच काढता आलं. त्यातले हे किती, प्लंबर किती आणि मावशी किती, देव जाणे. घरी आल्यावर आसावरीनं बरणी गॅरेजमध्ये ठेवली नाही. न विचारता देवघरात ठेवली, गणपतीच्या शेजारी. सत्यजितनं टेक्सासहून आल्यावर बघितली, झाकण उघडून वास घेतला आणि परत लावलं.

तर हे तुमच्या पत्रांचं उत्तर. अस्थी नाहीत. माती आहे. तुम्हाला राग येणार, येऊ दे. मी तुमची क्षमा वगैरे मागत नाही, त्यात वेळ जातो, आणि तुमचं वय बघता वेळ आपल्याला परवडत नाही. तब्येतीला जपा. पाय घसरेल असल्या चपला घालू नका.

तुमची,
मालिनी

ता. क. बरणी रुपालीबरोबर पाठवतेय. ती पिस्कॅटवेला शिकते, घर साताऱ्याचं, डिसेंबरात जातेय, तुमच्या दारात आणून देईल. कस्टमवाल्यानं विचारलं तर मेतकूट म्हणून सांग, असं तिला बजावलंय. तुम्हीही झाकण उघडून भातावर घेऊ नका. उघडलीत तर एरंडेलाचा वास येईल. नाक मुरडू नका, जरा थांबा, मग बरा वाटतो.

पुन्हा ता. क. वर एक खोटं लिहिलंय. ट्रॅकवर टाका, असं हे म्हणाले नव्हते. यांना स्पीडवे कधीच आवडला नाही. आवाजानं डोकं दुखायचं, कापूस त्यासाठीच. कॉव्हेंट्रीत आणि इथे मिळून जेवढे शनिवार झाले, तेवढे माझ्यासाठी उभे राहिले, हातात माझा थर्मास, दुसऱ्या हातात माझा पदर. तिथे मी त्यांना टाकलं, कारण मला तिथे जायचं होतं. शेजारी कुणीतरी लागतं.

शेवटचं. मग दिवा लावायला जा. पाण्यात नको, हे मात्र खरंच म्हणाले. पण ते अर्धंच आहे. नळ्या होत्या, थांबून थांबून बोलत होते. 'पाण्यात नको,' म्हणाले, मग बराच वेळ काही नाही, मग म्हणाले, 'आक्का धरणार असेल तर चालेल.' हे मी सत्यजितला सांगितलं नाही, कुणालाच नाही. सांगितलं असतं तर त्यानं नोकरी गेली तरी चालेल म्हणून बाबांना तुमच्याकडे आणलं असतं, आणि माझ्याजवळ काही उरलं नसतं. तेव्हा भटजींना पाठवू नका, पुतण्याला पाठवू नका. घाट उतरवत नसेल तर खुर्चीत बसून जा, चौघं उचलतील. घोट्याइतक्या पाण्यातच थांबा. तुम्हीच धरा. केस नाहीत आता, बरणी आहे. आणि लगेच सोडू नका.